शरई म्हणजे नक्की किती इंच? भेंडीबाजारातल्या एका बुरख्याच्या दुकानाबद्दल

दुकान मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीवरून भेंडीबाजाराकडे जाताना एका गल्लीत आहे. नाव देत नाही. पुढे तक्रार येणार आहे, आणि दुकानाच्या चाचांनी नंतर जी भरपाई केली ती पाहता नाव घेऊन बभ्रा करणं मला पटत नाही. तसंही त्या गल्लीत अशी दुकानं ओळीनं आहेत आणि माल बहुतेकांकडे सारखाच. तेव्हा हे वाचून कुठल्याही दुकानात शिरलात तरी उपयोग होईल.

जानेवारीत आम्ही घरचे उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, जाणार होतो. त्याच्या खरेदीसाठी डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघी चिपळूणहून कोकणकन्येनं निघालो, मुंब्र्याला माझ्या आपाकडे उतरलो आणि चहा पिऊन लोकलनं मशीद बंदर गाठलं. अकराच्या आत गल्लीत जाऊ नका. शटर अर्धी वर असतात आणि पोरं झाडू मारत असतात, उगाच पायावर पाणी उडतं.

चौघी म्हणजे चार तऱ्हा, हे आधी सांगायला हवं. नाहीतर हे परीक्षण कळणार नाही.

सासूबाई ७२ वर्षांच्या. आम्ही कोकणी मुसलमान. त्यांनी जन्मभर पाचवारी नेसली, डोक्यावरून पदर घेतला, गावाबाहेर जायचं तर वरून पांढरी चादर. बुरखा कधी अंगाला लावला नाही. कुणी नव्या शिकलेल्या बाईनं त्यांना "तुम्ही पर्दा करत नाही का?" विचारलं तर त्या पदराकडे बघतात आणि म्हणतात, "मग हे काय हाय?"

जाऊ मालेगावची. आमच्याकडे येऊन १४ वर्षं झाली. ती नकाब लावते, आणि नियम एकदम पक्का: ह्यांच्यासमोरही, म्हणजे तिच्या सख्ख्या जेठासमोरही, तोंड उघडं नाही. १४ वर्षं एका अंगणात राहून ह्यांनी तिचा चेहरा नीट पाहिलेला नाही. डोळ्यांवरून आणि ताटातल्या कालवणावरून तिचा मूड ओळखतात.

लेक २३ वर्षांची, ठाण्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोन वर्षांपूर्वी एक दिवस घरी आली ती हिजाब बांधून. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नक्कीच नाही. मला ते आवडलंही नव्हतं. आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते.

आणि मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. साडी, डोकं उघडं, अजान ऐकू आली की पदर डोक्यावर, तोही हाताला सवय म्हणून. स्टाफरूममधली एक बाई मला हळूच विचारते, "मुलीवर कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?" आणि गावातल्या इज्तेमाला, म्हणजे धार्मिक मेळाव्याला, गेले की तिथली बाई तितक्याच हळू आवाजात विचारते, "मुलगी करते, मग आई का नाही?" दोघींचा सूर एकच असतो. एकदा दोघींना एका खोलीत बसवून चहा पाजावा असं फार वाटतं.

तर दुकान.

दहा फूट रुंद, आत चिंचोळं, वर लोखंडी जिन्यानं माळा. दारात सहा पुतळे, एकालाही डोकं नाही. गळ्यावर सरळ कापलेले आणि त्या कापावर हिजाब गुंडाळून टाचणी मारलेली. लेक म्हणाली, "अम्मी, बघ, सगळ्यांत कट्टर पर्दा यांचाच."

खाली तयार माल, माळ्यावर बायकांची ट्रायल आणि शिलाई मशीन. माळ्यावर एक बाई असते. हा मोठा गुण. अशा दुकानांत पडद्याचा माल पुरुष विकतात आणि माप घ्यायलाही पुरुषच पुढे येतो, हा विनोद मी अनेकदा सोसलाय. इथे माप घेणारी बाई आहे, आरसा पूर्ण उंचीचा आहे, पंखा चालू आहे. फक्त दाराला कडी नाही. पडदा आहे आणि तो अर्धा फूट आखूड. पडद्याच्या दुकानात पडदा आखूड, असं जाऊ म्हणाली आणि स्वतःच नकाबाआड हसत बसली.

कापडाबद्दल चाचा मनापासून बोलतात. साठीचे असतील, मेंदी लावलेली दाढी, कानाच्या मागे पेन्सिल. त्यांनी निदा कापडाचा तुकडा मुठीत चुरगाळला, दहा मोजले, सोडला. सुरकुती नाही. मग मोबाईलचा टॉर्च कापडाखाली धरून दाखवला. चांगल्या निदामधून उजेडाचा ठिपका दिसत नाही, हलक्या जॉर्जेटमधून पूर्ण बल्ब दिसतो. ही परीक्षा घरून निघतानाच लक्षात ठेवा, कुठल्याही दुकानात करा, कुणी नाही म्हणत नाही. निदा पॉलिएस्टरच आहे, पण अंगाला चिकटत नाही, पडतो छान, आणि धुतल्यावर पंख्याखाली तासाभरात वाळतो. झूम नावाचं एक कापड स्वस्त मिळतं, चमकतं फार. लग्नाला ठीक आहे.

मी स्वतःसाठी राखाडी निदाचा समोरून बंद अबाया, म्हणजे पायघोळ झगा, घेतला. उमऱ्याला बाईला ठराविक कपडा नसतो. पुरुषांना दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं, बाईनं अंग झाकणारे आपले नेहमीचे कपडे घालावेत. साडीत तवाफच्या, म्हणजे काबेच्या प्रदक्षिणांच्या, गर्दीत निऱ्या कुणाच्या पायाखाली येतील ही मला भीती, म्हणून अबाया. ह्याच्या मागे माझा मतपालट वगैरे शोधू नका. चाचांनी २४०० सांगितले, १८५० वर आले. मी १७०० साठी दारापर्यंत चालत गेले, ते हलले नाहीत.

आता तो किस्सा. दुकानात एक तरुण सेल्समन आहे, बहुधा चाचांचा पुतण्या. लेक एक साधा काळा अबाया चाळत होती. तो म्हणाला, "आपा, वो छोडो, ये लो. ये पूरा शरई है." म्हणजे शरियतच्या नियमात बसणारा. किंमत ३०० रुपये जास्त. मी दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिले. फरक काय, तर शरईवर मनगटाला इलॅस्टिक आणि छातीवरची खड्यांची वेलबुट्टी गायब. काम कमी, दाम जास्त.

जाऊ इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, "शरई म्हणजे कोणत्या मजहबानं? आमच्या का ह्यांच्या?"

पोरगा बावरला. म्हणाला, शरई म्हणजे शरई.

पण ते तसं नाही, आणि हे त्या गल्लीत उभं राहून जितकं कळतं तितकं वाज, म्हणजे धर्मप्रवचन, ऐकून कळत नाही. मजहब म्हणजे इथे धर्म नव्हे, सुन्नी मुसलमानांत शरियत वाचायची एकेक परंपरा. आम्ही कोकणी लोक शाफई, जाऊ हनफी. नमाजात बाईनं चेहरा आणि पंजे सोडून सगळं झाकावं, इथपर्यंत एकमत. मग पाऊल येतं. शाफईंमध्ये पाऊलही झाकायचं, म्हणून आमच्याकडे नमाजाला मोजे नाहीतर जमिनीला टेकेल असा घोळ लागतो. हनफींमध्ये पाऊल उघडं चालतं. म्हणजे माझ्या अबायाची उंची जाऊच्या अबायापेक्षा दीड-दोन इंच जास्त असायला हवी, आणि दोन्ही शरईच. तो पोरगा ३०० रुपये जादा कोणत्या इंचाचे घेणार होता?

चाचा हसत पुढे आले. म्हणाले, "बेटा, यहाँ सब की शरियत नापके दी जाती है." आणि पोराला चहा आणायला पिटाळलं. हे वाक्य त्यांचं तयार वाक्य असावं, पण आवडलं.

कारण त्या एका गल्लीत खरोखरच सगळ्यांचं माप निघतं. आम्ही असताना एक बोहरा बाई रिदाचं लेस विचारायला आली. रिदा म्हणजे दोन भागांचा, रंगीत, किनारीला लेस आणि जरीकाम, चेहरा मोकळा आणि वर उलटवायची पर्दी. तिला काळ्या रंगाचं काही देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता पिस्ता रंग, आणि तोही गेल्या वेळच्या कापडाला जुळणारा. चाचांनी तिला समोरच्या गाळ्यात पाठवलं. डोंगरीकडे गेलात तर १८६० मधली मोगल मशीद, तिथे इराणी चादर. आगाखानी बायका बिनबुरख्याच्या. सगळ्यांचा कुरआन एक.

जेवायला बसलो तेव्हा यावरूनच आमची जुंपली. माझं म्हणणं असं की कुरआनात पोशाखाच्या आयती मोजक्या. सूरह नूर या अध्यायातली ३१वी सांगते की ओढण्या छातीवरून घ्या आणि जे आपसूक दिसतं ते सोडून सजावट दाखवू नका. सगळं भांडण त्या 'आपसूक दिसतं' वर आहे. इब्न अब्बासांनी त्याचा अर्थ चेहरा आणि हात असा केला, इब्न मसऊदांनी वरचे कपडे असा केला. दोघेही पैगंबरांना पाहिलेले. त्यांचंच जर जमलं नाही तर माझ्या जावेनं आणि मी एका ताटात जेवताना एकमत कशाला करायचं?

लेक म्हणाली, "अम्मी, तू ३१ सांगतेस, ३० सांगत नाहीस." तिसाव्या आयतीत आधी पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगितलंय. हे तिचं ठरलेलं वाक्य. ती पुढे म्हणाली की चेहरा आणि हात सोडून सगळं, अशी अस्माची जी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, सगळे सांगतात, तिच्याबद्दल ती नोंदवणाऱ्या खुद्द अबू दाऊदनीच लिहून ठेवलंय की सांगणारा पैगंबरांच्या पत्नी आयेशांना भेटलेलाच नाही, साखळी तुटलेली आहे. मी म्हटलं, "मग तू केस का झाकतेस?" ती म्हणाली, "मला बरं वाटतं म्हणून. तू टिकली लावत नाहीस तरी बांगड्या घालतेस, तुला मी हदीस विचारते का?" मी खिम्यात पाव बुडवला.

जाऊ सूरह अहजाबची ५९वी आयत घेऊन आली, जिलबाब, म्हणजे वरून घ्यायचं मोठं वस्त्र, अंगावर ओढून घ्या ती. तिच्या अम्मीनं, नानीनं ओढून घ्या म्हणजे तोंडावरूनही, असंच वाचलं. "तुमच्याकडे शाफई किताबांतपण चेहऱ्याची दोन मतं आहेत, भाभी," ती म्हणाली. खरं आहे. नंतरच्या बऱ्याच शाफई आलिमांनी चेहरा झाकावा असंच म्हटलंय. आमच्या कोकणातल्या भाताच्या शेतात ते कुणाला परवडलं नाही, एवढंच.

मी इराणचा विषय काढला. २०२२च्या सप्टेंबरात पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी गेली, डोक्यावरच्या एका रुमालापायी. लेकीनं १९३६ काढलं. त्याच इराणात रझाशाहनं पर्दा बंद केला तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या चादरी ओढत होते, आणि कितीतरी बायका घराबाहेरच पडेनाशा झाल्या. सासूबाई इतका वेळ फिरनी खात होत्या. त्यांनी विचारलं, "दोन्ही बारीला बायांना कुणी इचारलं व्हतं काय?" आणि वाटी खरवडली.

माझ्या वडिलांच्या तरुणपणी आमच्या भागात ही चर्चा समाजसुधारक हमीद दलवाईंच्या नावानं व्हायची. ते आमच्याच तालुक्यातल्या मिरजोळीचे. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या घरात त्यांच्या नावावरून ताटं आपटली गेलीत. वडील त्यांच्या बाजूचे, आजोबा विरुद्ध, आणि आजी दोघांना भाकरी वाढताना पदर डोक्यावर घ्यायची. बुरखा त्या घरात कुणाचाच नव्हता, तरी भांडण बुरख्याचं.

असो. परत दुकानाकडे.

बाकीची खरेदी सांगते. लेकीनं जर्सीचे तीन हिजाब घेतले, २५० ला एक. लॅबमध्ये पांढऱ्या कोटाच्या आत खोचता येतात, टाचणी लागत नाही. तिथे टाचणी घालून वावरता येत नाही, मशीनशी काम असतं. तिचं म्हणणं, शिफॉनचा हिजाब फोटोत चांगला आणि दिवसभर डोक्यावर वैताग. चुंबकाची पिन मिळते ती घ्या, ४० रुपये जोडी, कापडाला भोक पडत नाही. तिनं मोडल नावाच्या कापडाचा एक मरून हिजाबही घेतला. त्याचा रंग पहिल्या धुण्यात गेला आणि माझ्या पांढऱ्या सलवारीचा गुलाबी झाला. चाचांनी "रंग पक्का" म्हणून सांगितलं होतं. अर्धा तारा तिथेच कमी.

भाचीसाठी समोरून उघडा अबाया घेतला, चेन नाही, प्रेस बटणं. ती मुंबईत कॉलेजात आहे. गेटवर काढायचा, बॅगेत कोंबायचा, परतताना चढवायचा, हा तिचा रोजचा कार्यक्रम. चेंबूरच्या एका कॉलेजाचं प्रकरण आठवत असेल. २०२४च्या जूनमध्ये हायकोर्टानं मुलींची याचिका फेटाळली आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरखा मात्र नाही म्हणाले. कर्नाटकच्या प्रकरणात तर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींचं दोन दिशांना मत गेलं होतं. तेव्हा तुमच्या आमच्या घरात एकमत नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका. मुद्दा असा की 'कॉलेज अबाया' नावानं जो प्रकार विकतात तो घडी करून डब्याएवढा झाला पाहिजे. हा होतो. बटणं मात्र दुहेरी टाके घालून घट्ट करून घ्या. दोन आठवड्यात एक निघालं.

सासूबाईंना अबाया घालून पाहायला सांगितला. त्या माळ्यावर गेल्या, पाच मिनिटांनी खाली आल्या, साडीतच. "त्यात माझे हात हरवतात," म्हणाल्या. मग मकना, म्हणजे डोक्यावरून चढवायचा ओढणीसारखा कपडा, घेतला. गुडघ्याच्या जरा वर येणारा पांढरा, सुती, चेहऱ्याभोवती इलॅस्टिक, ४५० रुपये. साडीवर लांब हातांचा ब्लाउज आणि वर हा मकना, म्हणजे पोटही झाकलं, दंडही झाकला, काम झालं. या सगळ्या यादीत बिनतक्रार वस्तू हीच. इलॅस्टिक हनुवटीला काचत नाही. दोन घ्या.

आणि आता ती टोपी.

एहरामात, म्हणजे यात्रेसाठी घेतलेल्या पवित्र अवस्थेत, असलेल्या बाईनं नकाब लावू नये, हातमोजे घालू नयेत, अशी बुखारीच्या हदीससंग्रहात स्पष्ट हदीस आहे. म्हणजे एरवी तोंड झाका म्हणणारेही काबेसमोर उघडं ठेवायला सांगतात. जावेसाठी हा मोठा पेच. तिच्या बाजूनं आयेशांची हकीकत सांगतात: एहरामात असताना स्वार जवळ आले की त्या डोक्यावरचं कापड चेहऱ्यासमोर सोडायच्या, पुढे गेले की वर करायच्या. यातून बाजारानं एक वस्तू काढली. क्रिकेटच्या टोपीसारखी पुढे छज्जा असलेली टोपी, छज्जाच्या कडेला शिवलेलं पातळ कापड. कापड तोंडापासून चार बोटं लांब लोंबतं, तोंडाला लागत नाही, म्हणजे नकाबही नाही आणि पर्दाही आहे. किंमत ३८०. सेल्समन म्हणाला, "सब यही ले जाते हैं." चाचा काही बोलले नाहीत. ते तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

विमानात मीकातच्या, म्हणजे जिथून पुढे एहराम हवाच त्या हद्दीच्या, आधी जावेनं नकाब काढला आणि टोपी चढवली. त्या मधल्या अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा पूर्ण उघडा होता. आमचे हे खिडकीशी बसले होते. ते एवढे गडबडले की सीटच्या खिशातलं सूचनांचं कार्ड काढून वाचायला लागले, आणि जीव वाचवायच्या जाकिटाचं चित्र त्यांनी जिद्दापर्यंत सोडलं नाही.

टोपीनं पहिल्या तासात कपाळावर लाल वळ उठवला. छज्जात प्लास्टिकची पट्टी आहे, तिला कडेला अस्तर नाही. जिद्दाच्या विमानतळाबाहेर वारा होता, कापड थेट तोंडाला चिकटलं, म्हणजे ज्याच्यासाठी ती वस्तू घेतली तेच बिघडलं. मताफमध्ये, म्हणजे काबेभोवती प्रदक्षिणा घालतात त्या जागेत, तर काही विचारू नका. दुसऱ्या फेरीत कुणाचा तरी कोपर छज्जाला लागला, टोपी फिरली, कापड कानावर आलं आणि जावेला समोरचं काही दिसेना. मी तिचा हात धरला. ती थांबली, टोपी काढली, माझ्या पिशवीत टाकली आणि तोंड उघडं ठेवून चालायला लागली. चेहरा घामानं ओला, कपाळावर तो वळ, आणि डोळे काबेवर. उरलेल्या पाच फेऱ्या ती माझ्या पुढेच होती.

तिथे आजूबाजूला कोण काय घालून फिरत होतं ते पाहिलं की आमचं जेवणाच्या टेबलावरचं भांडण किती छोटं होतं ते कळतं. इंडोनेशियाच्या बायका पांढऱ्याशुभ्र मकन्यांत, एकमेकींचा पदर धरून रेल्वेगाडीसारख्या. त्याही शाफई, पायात मोजे. तुर्की बायका लांब कोटात. आफ्रिकेतल्या बायका पिवळ्या-निळ्या छापाच्या कपड्यात, पाठीवर पोर बांधून. इराणी काळ्या चादरी. पाकिस्तानी सलवार-कमीज आणि वर मोठी ओढणी. सौदीच्या युवराजानंच २०१८ मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं की शरियतमध्ये काळा अबायाच हवा असं कुठे नाही, कपडे सभ्य असावेत. भेंडीबाजारात अजून ती बातमी पोचलेली दिसत नाही. दहा अबायांत आठ काळे.

माझ्या राखाडी अबायानं दगा दिला तो सफा-मरवा या दोन टेकड्यांच्या मध्ये, जिथे उमऱ्यात सात खेपा घालतात. माळ्यावरच्या बाईनं घोळ एका बोटाचाच दुमडला होता आणि साखळी टाका मारला होता. एक धागा ओढला गेला की सगळी रांग सुटते तो. सात खेपा, सगळ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणं. हिरव्या दिव्यांच्या पट्ट्यात पुरुष पळतात, बायकांनी चालायचं असतं. मी चालत होते आणि चौथ्या खेपेला घोळ सुटून टाचेखाली आला. पडले नाही, पण सासूबाईंच्या अंगावर गेले. त्या साडीत, मकन्यात, काठी टेकत निवांत चालल्या होत्या. म्हणाल्या, "साडी नेसली असतीस तर?"

उमरा झाला, केसांची बोटभर बट कापली, एहराम सुटला. हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरण्याआधी जावेनं पर्समधून आपला जुना नकाब काढून बांधला. मी विचारलं, "इथे कोण ओळखतंय? राहू दे की आजचा दिवस." ती म्हणाली, "तिथं उघडा ठेवायचा हुकूम होता, ठेवला. आता माझं मी." गाठ एकदा तपासली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

फेब्रुवारीत लेक आणि मी परत दुकानात गेलो. टोपी, मरून हिजाब, सुटलेला घोळ, सगळं गल्ल्यावर ठेवलं. तो पोरगा म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही. चाचांनी टोपीच्या छज्जावरून बोट फिरवलं, स्वतःच्या कपाळाला लावून पाहिली, आणि पोराला म्हणाले की ही परत भरायची नाही. ३८० रुपये दिले. हिजाबाबद्दल मात्र ऐकलं नाही, मीच गरम पाण्यात टाकला असणार म्हणाले. मी टाकला नव्हता. घोळ फुकट शिवून देतो म्हणाले, पण मशीनवाली बाई तेव्हा नमाजाला गेली होती आणि आम्हाला लोकल पकडायची होती. आजही दारातल्या पुतळ्यावर तसला साधा अबाया 'शरई' ची पट्टी लावून उभा आहे. किंमत आता ३५० जास्त.

तारे: कापडाला चार, माळ्यावरच्या व्यवस्थेला साडेतीन (कडी लावली तर चार), शिलाईला दोन, मकन्याला पाच, टोपीला शून्य. पार्किंग विचारू नका. उधारी नाही, यूपीआय चालतं. शुक्रवारी दुपारी जाऊ नका.

घोळ मी घरीच उसवला आणि हातशिलाईनं शिवला, दोन इंच वर. म्हणजे माझ्या मजहबाप्रमाणे मोजे आले. आता लेकीला तिच्या मैत्रिणीच्या निकाहला हाच राखाडी अबाया हवाय. ती माझ्यापेक्षा उंच, तिला तो घोट्याच्या वर येतो. काल रात्री फोनवर म्हणाली, "अम्मी, तेवढा घोळ मोकळा करून पाठव ना." चष्मा आणि ब्लेड घेऊन बसलेय.